पोटरीतला गोळा

ताप चढतो, खोकला लागतो. पोटरीत मात्र गोळा 'येतो'. या येण्यात एक आगंतुकपणा आहे. पेटके येतात, पोटऱ्या वळतात, बोटे आखडतात. यांपैकी एकाही वाक्प्रयोगात भोगणारा माणूस कर्ता नसतो. आपलाच स्नायू आपल्या इच्छेबाहेर जातो, हे बोलीने केव्हाच ओळखले आहे. या वेदनेचे दुसरे वैशिष्ट्य असे, की ती सहसा कोणतीही खूण मागे ठेवत नाही. सूज नाही, व्रण नाही, ताप नाही. परिणामी तिला साक्षीदार मिळत नाही, आणि ज्या दुःखाला साक्षीदार नाही त्यावर घरची माणसेही अर्धाच विश्वास ठेवतात.

वडोदऱ्यात आयुष्य घालविलेल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेच्या वाट्याला हा अर्धविश्वास दोन वर्षे आला. रात्री दोन-अडीचच्या सुमारास पोटरी दगडासारखी घट्ट होई. शेजारी निजलेल्या पतीची झोपमोड होऊ नये म्हणून ती उशीत तोंड खुपसून तो क्षण काढी. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्याचे हे फलित, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. थंडी अधिक वाजणे, आवाज जड होणे, जिना चढताना मांड्या भरून येणे, या साऱ्याला 'वय' हा एकच शब्द पुरेसा वाटत होता.

तो शब्द अपुरा ठरविला एका साध्या तपासणीने. टाचेमागच्या जाड शिरेवर रबरी हातोडीचा हलका आघात केला, की पाऊल झटकन खाली जाते आणि तितक्याच चपळाईने पूर्वस्थितीला येते. तिचे पाऊल खाली गेले; परतले मात्र अगदी सावकाश. पुढे रक्ततपासणीत टीएसएचचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली होती.

त्या सावकाश परतणाऱ्या पावलात या व्याधीचे मर्म आहे. आखडणे म्हणजे श्रम आणि सैल होणे म्हणजे विश्रांती, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः स्नायूला सैल होण्यासाठीही शक्ती खर्चावी लागते. आकुंचनाच्या वेळी पेशीतल्या साठ्यातून बाहेर पडलेले कॅल्शियम पुन्हा आत ओढून नेले, तरच स्नायू मोकळा होतो. थायरॉइडचा स्राव कमी पडला, की हे ओढून नेण्याचे काम रेंगाळते. सोडून देणे हीदेखील एक क्रिया आहे, आणि तिलाही बळ लागते.

या ग्रंथीचे आणि पेटक्यांचे नाते एकपदरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नामध्ये बिलरोथ यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा काही रुग्णांचे हातपाय वाकडे होऊन आखडू लागले. बर्न येथे कोखर यांचे रुग्ण आखडत नव्हते. पण ग्रंथी संपूर्ण काढलेले रुग्ण मंद आणि सुजट होत गेले, हे त्यांनी 1883 मध्ये नोंदविले. 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. थायरॉइडला चिकटलेल्या इवल्याशा परावटू ग्रंथी दुखावल्या, की रक्तातील कॅल्शियम घसरते आणि हात आखडतात, हा उलगडा पुढे झाला. अशा वेळी ओठांभोवती नि बोटांत मुंग्या आल्या, तर उशीर करून चालत नाही. अतिक्रियाशील ग्रंथीवर उपचार सुरू होऊन तिचा स्राव वेगाने उतरू लागला, तरीही पेटके येऊ शकतात. म्हणजे उणीव, उपचार आणि शस्त्रक्रिया या तिन्ही वाटा पोटरीपर्यंत पोहोचतात.

शिक्षिकेला थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. आठवड्याभरात उतार पडेल ही तिची अपेक्षा होती. परंतु या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सुमारे सात दिवस लागतात; मात्रा योग्य आहे की नाही, हे सहा ते आठ आठवड्यांनी तपासावे लागते. मधल्या काळात नणंद मायेने कॅल्शियमची बाटली घेऊन आली. "वहिनी, हाडं ठिसूळ झाली असतील, हे घेत जा." दोन्ही गोळ्या सकाळी एकाच घोटाबरोबर पोटात जाऊ लागल्या. दोन महिन्यांनी टीएसएच जवळपास तिथेच होते आणि रात्री पूर्वीसारख्याच. "गोळी कशाबरोबर घेता, बाई?" या डॉक्टरांच्या प्रश्नाने कोडे सुटले. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात; त्यांत चार तासांचे अंतर हवे. चहादेखील गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने.

त्यानंतरचा काळ शिकण्याचा होता. गोळा आला, की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे आपल्याकडे ओढायची. निजण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. थंडीत पाय उबेत ठेवायचे. एका वहीत तिने रात्रीची वेळ, पायाची बाजू आणि गोळीची वेळ लिहून ठेवली. त्या वहीने डॉक्टरांना मात्रा ठरविताना मदत केलीच. पण तिचे अधिक महत्त्वाचे कार्य घरात झाले. एके दिवशी पतीने ती वाचली. दोन वर्षांच्या रात्री आपण शेजारी निजून होतो आणि आपल्याला काहीच कळले नाही, हे त्याला त्या कोरड्या आकड्यांतून उमगले. त्या दिवसापासून तिने उशीत तोंड लपविणे सोडले. ती हाक मारी. तो उठून तिचा तळवा दोन्ही हातांत धरी आणि बोटे हळूहळू वर ढकली.

टीएसएच योग्य मर्यादेत आल्यावरही स्नायूंना आणखी काही महिने लागले. अहवाल सुधारला म्हणून शरीराने त्याच दिवशी सुधारावे, असा नियम नाही. वहीतल्या तारखांमधले अंतर मात्र वाढत गेले: तीन दिवस, नऊ दिवस, मग महिना. गोळी जन्मभराची आहे, आणि ती रोज पहाटे तांब्या-भांड्याशेजारी ठेवण्याचे काम आता पतीकडे आहे.