हातातला आंबा

मे महिन्यात देवगडातल्या आंबेवाल्याचं मन दोनच ठिकाणी असतं, वाशीच्या मार्केटात नाहीतर आभाळात. आज पेटीला काय भाव मिळाला आणि पाऊस कधी गाठणार, एवढंच. बागेत राबतात ते नुसते हातपाय. सुट्टीला आलेली मुंबईची भावंडं झोपाळ्यावरून सांगतात, 'अरे, जरा थांब, मजा घे.' थांबायला माझी ना नाही. पण झाडाला पाड लागला की आंबा थांबत नाही.

तरी या धांदलीत एका ठिकाणी मन मुकाट्याने हजर होतं. झेल्याच्या टोकाशी. उन्हं चढायच्या आत काढणी उरकायची असते. तापल्या जमिनीवर फळ पडून राहिलं तर साक्याची, म्हणजे गर आतून बिघडण्याची भीती. झेल्याची काठी पानांतून वर न्यायची, आंबा जाळीत घ्यायचा, देठ पात्यावर आला की हलका हिसका. देठ थोडा राहिलाच पाहिजे. मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. अंगावर उडाला तर कातडी भाजते ती वेगळीच. मान मागे टाकलेली, डोळ्यांत घाम, अशा वेळी वाशी कुणाला आठवते? शिबिरांत श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात म्हणे. चांगलंच असेल. पण श्वास चुकला म्हणून कुणाची पेटी परत येत नाही.

अर्थात हे झालं मालकाचं. आमच्याकडे पुष्कळ बागांची राखण नेपाळहून आलेले गडी करतात, आणि झेलाही बहुतेक वेळ त्यांच्याच हातात असतो. संध्याकाळी सड्यावर रेंज मिळते तिथे ते फोन कानाला लावून उभे असतात. त्यांचं मन वाशीहून फार लांब गेलेलं असतं.

काकूचं तंत्र निराळं. ती खळ्यात पेंढ्यापाशी बसून आंबा निवडते. खांदे देठाच्या वर आलेत का, देठाशी खळगा पडलाय का, ते बघते. मग फळ तळहातावर तोलते. काटा शेजारीच असतो, तो गिऱ्हाइकासाठी. तोंडाने गजाली चालूच: कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या मांगरात वानर शिरले. डागी आंबा हाताला लागला की वाक्य अर्ध्यावर थांबतं, आंबा बाजूला जातो आणि वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं.

२०२५ साली मृगाची वाट न बघता २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडात उतरला. इतके दिवस आभाळाकडे बघून काय मिळवलं होतं, कोण जाणे. हाताला लागेल तो आंबा भिजत उतरवला आणि कॅनिंगला काढला. कॅनिंगवाला किलोवर घेतो, त्याला प्रतवारीचं फारसं कौतुक नसतं. काकू तरी पडवीत निवडत बसली होती, आणि मोडलेल्या लग्नाची गोष्ट कुठवर आली होती ते तिला बरोबर ठाऊक होतं.