तेरेखोलचा मूळ कर्ता

पेडणे तालुक्यात हरमल मागे टाकून केरी गाठले, की गोव्याची भूमी येथेच संपली असे वाटते. समोर तेरेखोल नदी समुद्रास मिळते आणि तिच्या उत्तर तीरावर, टेकडीच्या टोकाशी, एक लहानसा किल्ला दिसतो. नदीपलीकडचे ते तेरेखोल गावही गोव्याचेच. त्याच्या पाठीमागची जमीन मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्याची. सीमारेषा येथे नदी ओलांडून पलीकडे का गेली असावी, याचे कुतूहल आम्हांस फेरीबोटीत बसल्यापासूनच होते. त्याचे उत्तर त्या किल्ल्यातच आहे.

बहुतेक प्रवासी त्यास पोर्तुगीज किल्ला म्हणूनच ओळखतात. वस्तुतः सतराव्या शतकात तो बांधला सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी. त्यांनी हीच जागा का निवडली, हे तटावर उभे राहिले की उमगते. पश्चिमेस अरबी समुद्र, पायथ्याशी नदीचे मुख, पलीकडे केरीची पुळण. याच नदीकाठी आत बांद्याची जुनी पेठ. नदीचे मुख ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती आतल्या व्यापाराची किल्ली. आकाराने किल्ला लहान; पण एवढ्या कामास तेवढाच पुरेसा होता.

ही जागा मोलाची आहे, हे पोर्तुगीजांनीही जाणले. १७४६ साली व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने तेरेखोल घेतले. त्याच वर्षी पेडण्यातील हळर्णचा किल्लाही त्याने जिंकला आणि त्या विजयावरून त्यास ‘हळर्णचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. १७६४ साली तेरेखोलची मोठी डागडुजी झाली. आत प्रार्थनामंदिर आले, सैनिकांची निवासस्थाने आली. पेडणे महाल मात्र पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ मध्ये. म्हणजे तालुक्याच्या आधी ४२ वर्षे हा किल्ला त्यांच्या हाती पडला होता. नदीपलीकडचा हा तुकडा गोव्यात राहिला, तो या किल्ल्यामुळे.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला आणि त्यासाठी कारावास पत्करला. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पुढे किल्ल्यात हॉटेल निघाले. अलीकडच्या काळात गावच्या पठारावर गोल्फचे मैदान आणि विश्रामस्थान उभारण्याचा बेत पुढे आला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अडीचशे-तीनशे वर्षांत मालक बदलले, हेतू बदलले. या जागेचा मोह मात्र कोणास सुटला नाही.

पोर्तुगीजांनी घातलेली भर आम्ही नाकारीत नाही. आतले चर्च आज गावाच्या श्रद्धेचे स्थान आहे, आणि ते तसेच राहावे. परंतु ज्याने प्रथम या टोकावर दगड रचला, त्याचे नाव प्रवाशांच्या बोलण्यातून पुसले जाते, याची खंत वाटते. भिंती नंतरच्यांनी बदलल्या. जागेची निवड कोणासही बदलता आली नाही. खेम सावंतांचा खरा वारसा तोच.

आपण बृहन्महाराष्ट्रातील मंडळी सुटीत गोव्यास जातो ती बहुधा पणजी, मंगेशी, शांतादुर्गा या वाटेने. त्यातील एक दिवस उत्तरेकडे राखावा. ओहोटीच्या वेळी फेरी कधी थांबते, तेव्हा भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. आणि तटावर उभे राहून मुलांना नदीचे मुख दाखविताना, ही जागा प्रथम कोणी हेरली, तेही सांगावे.