चढत्या आलेखाखालचं जंगल

कॅनडा आणि रशिया यांच्या सूचिपर्णी लाकडाच्या निर्यातीची तुलना म्हटली की एक आलेख हमखास पुढे येतो. त्यात कित्येक दशकं कॅनडा वर असतो आणि २०१०च्या दशकाच्या अखेरीस रशिया त्याला मागे टाकतो. लाकूड-व्यापाराची आकडेवारी हाच माझा व्यवसाय आहे आणि हा आलेख मला कायम खटकत आला आहे. चढती रेषा पाहून वाचणाऱ्याला भरभराटीचं जंगल दिसतं. तिथे ते नव्हतं.

आधी मापाचं बोलू. उत्तर अमेरिकेत घरबांधणीची फळी ‘टू बाय फोर’ म्हणून विकतात. टेप लावला तर ती ३८ बाय ८९ मिलिमीटर, म्हणजे दीड बाय साडेतीन इंच भरते. सुकवून, रंधा मारून उरतं ते एवढंच. बोर्डफूट या तिथल्या लाकूड मोजण्याच्या एककाचा हिशेब मात्र पूर्ण दोन बाय चारचाच होतो. त्यामुळे हजार बोर्डफूट कागदावर २.३६ घनमीटर होतात, हातातलं लाकूड त्याहून सुमारे एक तृतीयांश कमी. दुसऱ्या देशाचे आकडे प्रत्यक्ष मापाचे असतील, तर तुलना तिथेच ढासळते.

आता कॅनडा. ब्रिटिश कोलंबियात १९९०च्या दशकाच्या अखेरीस माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा पसरला. झाडाच्या सालीखालच्या त्याच्या अळ्या उणे चाळीसच्या थंडीत मरतात. तशी थंडी पडेनाशी झाली आणि प्रांतातला निम्म्याहून अधिक विक्रीयोग्य पाइन उभ्या उभ्या मेला. मेलेलं झाड काही वर्षंच चिरण्यालायक राहतं, म्हणून सरकारने तोडीची मर्यादा वाढवली. अमेरिकेत तेव्हा घरबांधणी जोरात होती. २००५मध्ये वीस लाखांवर घरांची कामं सुरू झाली. २००९मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला, तेव्हा चीनने माल उचलला. बीटलबरोबर येणाऱ्या बुरशीने निळसर झालेल्या फळ्याही त्यात होत्या. त्या वर्षांच्या निर्यातीत उद्याचं जंगल आजच विकलं जात होतं. पुढे तोडीची मर्यादा खाली आली, एकेक सॉ मिल बंद पडली आणि ज्या गावांचा सारा रोजगार त्या मिलवर होता, ती उघडी पडली.

रशियाची गोष्ट वेगळी. तो पूर्वी प्रचंड प्रमाणात गोल ओंडके विकायचा. २००७पासून ओंडक्यांवरचं निर्यातशुल्क वाढत गेलं, २००८मध्ये २५ टक्क्यांवर पोहोचलं. १ जानेवारी २०२२पासून कच्च्या सूचिपर्णी ओंडक्यांची निर्यातच बंद झाली. चीनच्या मांजोऊलीत चिरले जाणारे ओंडके सायबेरियात चिरले जाऊ लागले. आधी ‘ओंडके’ या रकान्यात असलेलं बरंचसं लाकूड ‘चिरीव लाकूड’ या रकान्यात आलं. झाड तेच होतं.

म्हणून मी फळ्यांचं ओंडक्यांत रूपांतर करून दोन्ही रकाने एकत्र मोजतो. मग रशियाची झेप बरीच बसकी दिसते, आणि कॅनडाच्या घसरणीचं मूळ निर्यात जोरात असतानाच्या वर्षांत सापडतं. जोडीला गिऱ्हाइकाचा रकाना ठेवतो. युरोपीय संघाने २०२२मध्ये दार लावल्यावर रशियाची भिस्त चीनवर आली. कॅनडाचा बहुतांश माल अमेरिकेला जातो, जिच्याशी याच लाकडावरून १९८२पासून भांडण चालू आहे. त्यावरचा दोन्ही देशांचा २००६चा करार २०१५मध्ये संपला. ऑगस्ट २०२५मध्ये या लाकडावरचं अमेरिकेचं शुल्क सुमारे ३५ टक्क्यांवर गेलं आणि ऑक्टोबरात त्यावर आणखी १० टक्के चढले.