लिंबू हलत नाही

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की पालक आखाड्यात येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "वस्ताद, पोरीला स्वसंरक्षणासाठी काय शिकवू? लाठी-पट्टा, की ज्युदो-बॉक्सिंग?" कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवणारा माणूस लाठीचीच बाजू घेणार, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. बाजू मी घेतो, पण आधी लिंबाची गोष्ट सांगतो.

मर्दानी खेळात सगळ्यात जास्त टाळ्या लिंबाला मिळतात. दांडपट्ट्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही. घाव खांद्यातून आणि कमरेतून आणावा लागतो. समोरच्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू दोन फाकांत पडलं पाहिजे आणि कातडीवर ओरखडासुद्धा उठता कामा नये. हे सोपं नाही, त्यात वर्षं जातात. 2024 साली महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो योग्यच आहे. पण लिंबू हलत नाही. आणि ज्याच्या हातावर ते ठेवलंय, तो जीव मुठीत धरून का होईना, तुमचा घाव नीट बसावा अशीच प्रार्थना करत असतो.

अंगावर येणाऱ्या माणसाला तुमचा घाव बसू द्यायचा नसतो. स्वसंरक्षणाची सगळी अडचण इथे आहे.

कुस्तीच्या हौद्यात उतरलेल्या पोराला हे पहिल्या आठवड्यात कळतं. धोबीपछाड आरशासमोर कितीही सुंदर जमली, तरी समोरचा कंबर खाली टाकून अडून बसला की ती निघत नाही. मग खडाखडीत त्याला हलवावं लागतं, एक डाव दाखवून दुसरा टाकावा लागतो. दमसास संपल्यावरही हे सुचावं लागतं. जोर-बैठका, सपाटे मारून अंग कमावता येतं. ही समज मात्र रोज कुणीतरी अंगाला भिडल्याशिवाय येत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं ते मॅटवर, पण भिडायची ही सवय मातीतली होती.

हेच सूत्र जपानमध्ये जिगोरो कानो यांनी ओळखलं. 1882 साली कोडोकान सुरू करताना त्यांनी जुन्या जुजुत्सूतले घातक प्रहार मोकळ्या लढतीतून बाजूला काढले. जे फेकण्याचे आणि धरण्याचे डाव उरले, ते पूर्ण ताकदीनिशी, विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज वापरता येऊ लागले. डाव कमी घातक झाला, पण अंगात मुरला. कानोंच्या परंपरेतले माएदा ब्राझीलला गेले, तिथे ग्रेसी घराण्याने ती विद्या वाढवली. 1993 साली डेन्व्हरला पहिली 'यूएफसी' स्पर्धा झाली, तेव्हा अंगाने बेताच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तीन लढती जिंकल्या. ज्याला आपण 'आधुनिक' म्हणतो, त्याची मुळं अशी जुनीच आहेत.

आपल्याकडेही हे शहाणपण होतं. त्याचं नाव फरी-गदका. चामड्याची छोटी ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी घेऊन दोघांनी खरोखर भिडायचं. चुकलात की खांद्यावर वळ. पुढे लढाया संपल्या, शस्त्रं आखाड्यातून मिरवणुकीत आली. शिवजयंतीच्या गर्दीला गरगर फिरणारी लाठी दिसते, फरी-गदक्यातला अर्ध्या वितीचा बचाव दिसत नाही. जे दिसतं तेच शिकवलं जाऊ लागलं.

खेळाच्याही सवयी असतात. चीत होऊ नये म्हणून पैलवान पालथा पडून माती धरतो. रस्त्यावर तसं पडलात तर पाठ आणि डोकं लाथांच्या हवाली. हातमोज्यांची सवय असलेला मुष्टियोद्धा उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारून स्वतःचंच हाड मोडून घेऊ शकतो. शिवाय रिंगमध्ये समोर एकच माणूस असतो, त्याच्या हातात काही नसतं आणि पंच थांबवतो. इथे लाठी उपयोगी पडते. तिचे हात चारी दिशांना तोंड फिरवायला लावतात, अंतर राखायला शिकवतात, मागून कोण येतंय हे बघायची खोड लावतात. झाडू, छत्री, वेताची काठी, जे हाताशी येईल ते चालवता येतं.

म्हणून माझ्या वर्गात लाठीबरोबर धरपकड असतेच. शिबिरांमध्ये मनगट सोडवायला शिकवतात: अंगठ्याच्या बाजूने झटका द्या. जोडीदार हात धरून पुतळ्यासारखा उभा असतो, त्यामुळे हात लगेच सुटतो. मी धरणाऱ्याला सांगतो, मुलीला ओढत दारापर्यंत ने. मग झटका फुकट जातो. मुलगी मागे रेलते, आणखी ओढली जाते. थोड्या वेळाने तिचं तिलाच उमगतं की पाय आधी हलवायला हवेत. त्याच्याच ओढीच्या दिशेने एक पाऊल आत टाकून, कोपर वाकवून, कमरेचा जोर लावला तर पकड सुटते. सुटली की पळायचं. वर्गात पळण्याचाही सराव होतो, त्यावर आधी सगळ्या हसतात.

पळण्यामागे कायद्याचंही कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांनी स्वसंरक्षणाचा अधिकार दिलाय, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा दिलेली नाही. धोका टळल्यावर मारलेला फटका हा बचाव ठरत नाही.

तेव्हा पालकांनो, पाटीवर लाठी लिहिलंय की बॉक्सिंग, हे नंतर बघा. आधी तासभर कोपऱ्यात बसून वर्ग पाहा. शिकणारी मुलं एकमेकांना मनापासून अडवताहेत का? जमलं नाही तर वस्ताद तोच डाव पुन्हा, अडवणाऱ्यावरच करायला लावतो का? पळायला शिकवतो का? तीनही उत्तरं 'हो' असतील, तर पोरीचं नाव तिथे खुशाल घाला.