खोकं उघडायचं कुणी?

हल्ली मला येणारे बहुतेक फोन पुनर्विकासाचे असतात. पुण्यातलं सहकारनगर, गोखलेनगर, एरंडवणे, कर्वेनगर. सोसायटीच्या सभांमधली भांडणं संपलेली असतात, करारावर सह्या झालेल्या असतात, बिल्डरनं घर रिकामं करायची तारीख दिलेली असते. मग कुणीतरी विचारतं, "ताई, किती खोकी लागतील?" खोक्यांचं मी नंतर बघते. भाड्याच्या घरात लिफ्ट आहे का, माळा आहे का, आणि पहिल्या दिवशी तिथे चहा कोण करणार, हे आधी विचारते.

सामान बांधून देणं हा माझा धंदा. लोक बेत करतात तो बांधायच्या बाजूनं: आज हॉल, उद्या स्वयंपाकघर, परवा कपाटं. मी उघडायच्या बाजूनं करते. हे खोकं कोण उघडणार, कधी उघडणार आणि कुठल्या खोलीत, एवढं ठरलं की आत काय जायचं ते आपोआप ठरतं. म्हणून खोक्यावर 'किरकोळ' हा शब्द लिहायला माझ्याकडे बंदी आहे. नव्या घरातली खोली लिहायची, आणि तीही वरच्या झाकणावर नाही. टेम्पोत एकावर एक थप्पी लागली की झाकणं दिसत नाहीत. दोन्ही बाजूंना, जाड खडूनं, हमालाला जिन्यातून वाचता येईल एवढं मोठं.

साध्या घरबदलात हे सोपं आहे. पुनर्विकासात मात्र एकाच घराचे तीन वाटे पडतात. रोजचं सामान भाड्याच्या घरात वापरायचं. दुसरं नवीन इमारत उभी राहीपर्यंत बंद राहायचं. बिल्डर तीन वर्षं म्हणाला तर चार धरून चालावं. तिसरं कायमचं निघायचं. या तिन्हींची बांधणी एकसारखी करणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. तीन-चार पावसाळे बंद राहणारं सामान साध्या पुठ्ठ्यात घालून तळमजल्याच्या फरशीवर ठेवलं, तर ओल खालून चढते आणि मागून वाळवी येते. ते पत्र्याच्या ट्रंकेत, विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर लांब. रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या नाहीत, आतल्या आत घामेजतात; धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळायच्या. रिमोट, घड्याळं, खेळणी, सगळ्यांतले सेल काढायचे. पुस्तकं लहान खोक्यात. मोठं खोकं पुस्तकांनी भरणाऱ्या माणसानं ते एकदा स्वतः उचलून बघावं.

लोणच्याची बरणी मात्र मी खोक्यात घालत नाही. कितीही बांधली तरी तेल वाट काढतंच. तोंडावर दुहेरी कापडाचा दादरा, सुतळीचे तीन वेढे, मग बरणी खोल पातेल्यात उभी करून भोवती जुने टॉवेल ठासायचे, आणि ते पातेलं टेम्पोत न देता घरच्या माणसाच्या मांडीवर, रिक्षातून. याच फेरीत देव, औषधं, कागदपत्रांची पिशवी, चहा-साखर आणि लायटर. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसायचा, उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास तसाच उभा ठेवायचा.

निघणाऱ्या सामानाबद्दल फार बोलायला नको. त्याला वाटा आहेत. कपड्यांना बोहारीण, लोखंडाला भंगारवाला, उरलेल्याला जुना बाजार. पेठांतल्या वाड्यात रुमालात बांधलेले मोडी कागद निघाले, तर रद्दीवाल्याच्या आधी भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा म्हणते. इतिहासकार राजवाड्यांनी 1910 साली ही संस्था काढली, त्याआधीपासून ते घराघरांतली असलीच दप्तरं शोधत हिंडत होते. बाकी प्रत्येक घरात एक अडकित्ता असतो, आणि त्याची जागा राजा केळकर संग्रहालयातच आहे याबद्दल त्या घराला शंका नसते. दिनकर केळकरांनी घरगुती वस्तूच जमवल्या, आणि कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथे आणून पुन्हा उभा केलाय, हे खरं. पण अडकित्ते तिथे भरपूर आहेत.

सहकारनगरच्या एका घरी काकूंचं पितळी पातेलं कुठल्या वाट्यात घालायचं यावर अर्धा दिवस गेला. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी काय घ्यायचं याचा बेत करायला कुणाला वेळ मिळाला नाही. नेसत्या वस्त्रानिशी निघालेली माणसं पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत राहायला गेली. हे पातेलं सासूबाईंना चिखल उपसताना सापडलं होतं. कडेला पोचा, बुडाशी जुन्या कल्हईचा काळपट डाग. वीस माणसांचा भात शिजेल एवढं. घरात आता माणसं दोन. मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, ट्रंकेत टाकून ठेव, नवीन घरात बघू." हिशेबानं त्याचं बरोबर होतं. काकू ऐंशीच्या पुढच्या. मी पातेलं रोजच्या सामानात घातलं. ऐंशीच्या पुढच्या माणसाची आवडती वस्तू मी बंद वाट्यात घालत नाही, याचं कारण मी त्यांच्यासमोर बोलत नाही आणि तेही विचारत नाहीत. भाड्याच्या स्वयंपाकघरात ते अडचण करतंय हे मला माहीत आहे. त्यात कांदे-बटाटे ठेवतात.

तारखेचंही उघडायच्या बाजूनंच बघावं. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून सगळे एकदम हलतात. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांत टेम्पो शिरत नाही. पुढे पितृपक्षात कुणी नव्या जागेत पाऊल टाकत नाही, तेव्हा टेम्पोवाला आपण होऊन भाव कमी करतो. ज्यांना चालतं त्यांनी जरूर घ्यावा. दसऱ्याला तोच फोन उचलत नाही.

आणि परत येतानाचं आत्ताच मोजून ठेवावं. जुन्या घरांना माळे होते, दारांवर फळ्या होत्या, पलंगाखाली ट्रंका मावत. नव्या फ्लॅटच्या नकाशात खोल्या मोठ्या दिसतात. माळा शोधून सापडत नाही. म्हणून बंद सामानाची यादी करताना मी बिल्डरचा नकाशा शेजारी घेऊन बसते आणि प्रत्येक ट्रंकेपुढे ती कुठे ठेवणार ते लिहायला लावते. जिच्यापुढची जागा कोरी राहते, तिचा वाटा त्याच दिवशी बदलतो. गोदरेजच्या कपाटाची उंची मात्र भाड्याच्या घरातल्या लिफ्टच्या दाराशी टेप लावूनच ठरवायची, नाहीतर हमाल जिन्याचे पैसे वेगळे मागतात, आणि त्यांचं चुकत नाही.