भांडण नाही, मग वकील कशाला?

कोकणातला माणूस कोर्टाला भीत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं ज्यांनी म्हटलं, ते घाटावरचे असावेत. आमच्याकडे बांध हातभर सरकला, फणसाची फांदी शेजारच्या परड्यात गेली किंवा पाणंदीत कोणी गडगा घातला, की त्या वादावर तीन पिढ्या सुखाने नांदतात. आजोबांनी लावलेल्या माडाचे नारळ नातू खातो, तसा आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. त्यात वकिलाला किती पैसे गेले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो अब्रूचा खर्च असतो. पण त्याच माणसाला म्हणा, "बाबा, नवा धंदा काढतोयस, एकदा वकिलाला विचारून घे," की तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपण धडधाकट माणसाला तिरडीचं सामान आणून ठेवायला सांगितलं!

आमचं जयगड म्हणजे शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते ते ठिकाण. किल्ला, दीपगृह, कऱ्हाटेश्वराचं देऊळ आणि पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट एवढ्यावर गाव समाधानी होतं. २००९ साली बंदर सुरू झालं, पाठोपाठ औष्णिक वीज केंद्र आलं, आणि मग रस्त्याने ट्रक, ट्रकमागून ठेकेदार आणि ठेकेदारामागून भूक आली. गणपतीपुळ्याचे पर्यटकही किल्ला बघायला वाट वाकडी करू लागले. परक्या माणसाला भूक लागली की गावातल्या माणसाला धंदा सुचतो. आमच्या पुतण्याला तो सुचला. मुंबईतली नोकरी सोडून तो एका मित्राला घेऊन गावी आला आणि त्याने खानावळ काढायचं जाहीर केलं. भांडवल मित्राचं, मेहनत पुतण्याची, हातची चव वहिनींची आणि जागा सामायिक. कोकणातल्या कुठल्याही धंद्याची पायाभरणी साधारण अशीच असते.

वहिनी म्हणजे पुतण्याची आई. दादा गेल्यापासून त्यांच्याजवळ दोनच गोष्टी आहेत: हा मुलगा आणि नावावर असलेलं चार खोल्यांचं घर. मुलगा धंद्यात पडत होता, आणि घर त्याच्यामागून कर्जाच्या तारणात पडायच्या बेतात होतं.

ओट्यावर बैठक भरली. मी बँकेत कारकून असल्यामुळे आणि बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय असल्यामुळे मला बोलावणं होतं. त्या विषयाच्या पुस्तकात अ आणि ब नावाचे दोन भागीदार असत. अ हा भोळा आणि ब हा पहिल्या परिच्छेदातच फर्मच्या नावावर उधार आणणारा. तीन वर्षं मी अ ची बाजू घेतली आणि दर वर्षी पास झालो. या अनुभवाच्या जोरावर मी म्हटलं, "रत्नागिरीला जाऊन एखाद्या वकिलाचा सल्ला घ्यावा."

"किती घेईल तो?" थोरल्या काकांनी विचारलं.

"कागद करून देण्यासकट तीन हजार म्हणतात."

"तीन हजार? अरे, तेवढ्यात गॅसची मोठी शेगडी येते! आणि भांडण कुठे आहे? भांडण नाही, मग वकील कशाला? ताप नसताना कोणी डॉक्टरकडे जातो काय?"

"पण काका, तुम्ही त्या पाणंदीच्या दाव्यात..."

"तो दावा आहे!" काका कडाडले. "तिथे आपली बाजू सत्याची आहे."

धंद्यात अजून दोन्ही बाजू सत्याच्या होत्या, हीच अडचण होती.

वकील नको म्हटल्यावर ओट्यावरचा कायदा सुरू झाला. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही, पण तो सर्वांना पाठ असतो. "जागेचा करार अकरा महिन्यांचा करा, म्हणजे नोंदणी लागत नाही," एकाने सांगितलं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची पळवाट देशभर प्रसिद्ध झाली. परंतु १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच पाहिजे. नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, घरमालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. कायदा बदलून पंचवीस वर्षं उलटली, ओट्यावर अजून दुरुस्ती पोचलेली नाही.

दुसऱ्याने कोर्टाजवळच्या टायपिस्टचा पत्ता दिला. त्याच्याकडे भागीदारीचा मसुदा तयार असतो, फक्त नावं बदलायची. पुतण्याने नमुना आणलाही होता. त्यात खानावळीच्या दोन्ही भागीदारांनी 'कापडाचे तागे दरमहा मोजून घ्यावेत' असं कलम होतं.

शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी म्हणतात तर जाऊन या एकदा. शेगडी माझी आहे ती चालेल." खानावळीत ज्याच्या हाती पळी त्याचं बहुमत. आम्ही निघालो.

वकील तिशीतले होते आणि त्यांच्या खोलीत जाडजूड पुस्तकांपेक्षा पाण्याच्या बाटल्याच जास्त होत्या, त्यामुळे थोरले काका जरा निराश झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चार प्रश्न विचारले.

"दोघांतला एक गेला तर?"

"शुभ कार्यात हे काय बोलणं!" काका म्हणाले.

"कायदा बोलतो," वकील म्हणाले. "वेगळं लिहून ठेवलं नसेल, तर एका भागीदाराच्या मरणाबरोबर भागीदारी फर्म बरखास्त होते. बरं, पहाटे चारला उठून बाजार कोण करणार?"

"मी," पुतण्या म्हणाला.

"पगार किती घेणार?"

पुतण्या आणि मित्र एकमेकांकडे बघत राहिले. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात लिहिलं नसेल, तर राबणाऱ्या भागीदाराला मेहनतान्याचा हक्क नाही आणि नफातोटा सारखा वाटायचा. म्हणजे एकाने पहाटे चारला उठायचं, दुसऱ्याने आठला, आणि वर्षअखेर दोघांची झोप समान धरायची.

"ठेकेदाराने चाळीस माणसांचं तीन महिन्यांचं बिल थकवलं तर?"

"दावा ठोकू!" काका खुलले.

"फर्म नोंदलेली नसेल तर कराराच्या पैशासाठी तिला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही."

काकांचा चेहरा बघवेना. दावा लावता येत नाही अशी जागा या जगात असेल, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं.

"आणि एकाने दुसऱ्याला न विचारता फर्मच्या नावावर उधार आणलं तर?"

यावर मित्र घसा खाकरून म्हणाला, "आणलंय."

फ्रीज, भांडी, टेबलं मिळून दीड लाखाचा माल त्याने आधीच उधारीवर सांगून ठेवला होता. लबाडी नव्हती, उत्साह होता. पण कायद्याला उत्साह कळत नाही. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकट्यानेही संपूर्ण जबाबदार असतो. देणं फिटलं नाही तर दुकानदार ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून वसूल करतो, आणि सापडण्याजोगं घर त्या दोघांत एकाच्याच मागे होतं. माझ्या पुस्तकातला ब समोर बसला होता आणि तो अगदी चांगला मुलगा होता! वकिलांनी कलम घातलं: दहा हजारांवरच्या उधारीला दोघांच्याही सह्या. "आणि तसं पत्र दुकानदारालाही द्या," ते म्हणाले. "तुमच्या आपसातल्या कलमाची त्याला खबर नसेल, तर ते त्याला बांधत नाही."

मग त्यांनी सातबारा पाहिला. अकरा नावं, त्यांतली तीन स्वर्गात, चार मुंबईत. "इथे शेड घालू नका," ते म्हणाले. सामायिक जमिनीचा मुंबईतला वाटेकरी मे महिन्यात आंबे मोजायला येतो. त्याला आंब्याऐवजी शेड दिसली की तो तडक तलाठ्याकडे जातो. शिवाय शेतजमिनीला अकृषिक परवानगीचा प्रश्न, समुद्रकाठी किनारा नियमन क्षेत्राचा. सध्या वहिनींच्या पडवीतच चूल मांडावी असं ठरलं.

"कर्ज किती?" त्यांनी निघताना विचारलं.

"आठ लाख."

"मग घर गहाण कशाला? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावलंय."

सगळे माझ्याकडे वळले. हेच वाक्य मी ओट्यावर दोनदा बोललो होतो. पण फुकटचा सल्ला आणि दारचं शेवग्याचं झाड यांना किंमत नसते. तीन हजार मोजल्यावर तोच सल्ला कायदा झाला. फी देण्याचा हाही एक फायदा आहे: पैसे मोजलेले असले की माणूस ऐकतो.

तेव्हा वाचकहो, नव्या धंद्याने वकिलाला पैसे कधी द्यावेत? उठल्यासुटल्या मुळीच देऊ नयेत. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी सरकारी आहे आणि फुकट आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. पाटीवरचं नाव पुन्हा रंगवता येतं, आणि थाळीचा दर सोमवारी चुकला तर मंगळवारी बदलता येतो. जे आपल्या हाताने पुसता येतं, त्याला वकील नको.

पण जी सही उद्या पुसता येत नाही, ती करण्यापूर्वी द्यावेत. अशा सह्या मोजून चार: भागीदाराबरोबरची, जमिनीवरची, दुसऱ्याने लिहून आणलेल्या जाड करारावरची आणि जामीनदाराची. शेवटची मी रोज बघतो. आम्ही कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि जामीनदार "नुसती सही तर आहे" म्हणत फुलीफुलीवर सही करत जातो. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती' हा शब्द त्या कायद्यात नाही.

फीची तुलना शेगडीशी करू नये. सही चुकली तर काय जाईल, त्याच्याशी करावी. तीन हजार विरुद्ध शेगडी, हा हिशेब कठीण आहे. तीन हजार विरुद्ध वहिनींचं घर, हा तिसरीतल्या पोराला सुटेल. फी आधी विचारावी, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि स्टँपपेपर घेण्यापूर्वी जावं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथली मदत उत्पन्नाची अट न लावता फुकट मिळते.

पडवीतली खानावळ चालू आहे. फार नफा झाला असं पुतण्या म्हणत नाही, आणि नफा झाला तरी तसं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. पण घर वहिनींच्याच नावावर आहे, आणि दोन्ही भागीदार अजून एकमेकांशी बोलतात. कोकणात भागीदारीला याहून मोठा नफा कोणी पाहिलेला नाही.