मॅन्युअल वाचणारा अखेर भेटला

मॅन्युअल कोणी वाचत नाही, हे आम्हा टेक्निकल रायटर मंडळींचं जुनं रडगाणं. प्रोग्रॅमर जे बनवतात ते कसं वापरायचं, हे लिहून ठेवणं आमचं काम. पण माणसं अडली की शेजारच्या टेबलावर विचारतात, फोन लावतात, दोन-चार बटणं दाबून बघतात आणि अगदीच जमेना तेव्हा नाइलाजाने आमच्याकडे वळतात. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र आम्हाला एक वेगळाच वाचक मिळाला आहे. समोर ठेवलेलं सगळं तो वाचतो आणि त्यावर विसंबून लगेच काम उरकून मोकळाही होतो. हा वाचक म्हणजे एआय एजंट.

नुसती उत्तरं देणाऱ्या एआय मॉडेलच्या हाती बाहेरची साधनं दिली, की त्याचा एजंट होतो. जून २०२३ मध्ये ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला आणि एकदा जोडलेलं साधन वेगवेगळ्या एजंटना वापरता येऊ लागलं. या व्यवस्थेत मॉडेलला साधनाच्या आतला कोड सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असतं साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची याचा आराखडा. कोणतं साधन उचलायचं हे एजंट त्यावरून ठरवतो. त्यामुळे कोडला हात न लावता वर्णनातलं एक वाक्य बदललं, तरी सॉफ्टवेअर वेगळं वागू लागतं. आमचं लेखन आता प्रोग्रॅमचाच भाग झालं आहे.

समजा, एका नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीला एजंट जोडायचा आहे. प्रोग्रॅमरने वर्णन दिलं आहे : ‘बुकिंग रद्द करते.’ माणसाला एवढं पुरत होतं, कारण स्क्रीनवर लाल बटण असायचं आणि ‘नक्की रद्द करायचं?’ अशी चौकट उघडायची. एजंटपुढे यातलं काहीच नसतं. मी तेच असं लिहीन : ‘एक बुकिंग कायमचं रद्द करते. रद्द झालेली खुर्ची लगेच विक्रीला जाते. बुकिंग क्रमांक माहीत नसेल तर आधी “बुकिंग शोधा” वापरा, अंदाजाने क्रमांक देऊ नका. फक्त खेळ किंवा खुर्ची बदलायची असेल तर हे साधन वापरू नका, “बुकिंग बदला” वापरा. ग्राहकाचा स्पष्ट होकार घेतल्यावरच चालवा.’ यातला सर्वांत मोलाचा भाग ‘कधी वापरू नये’ हा आहे, आणि बहुतेक मॅन्युअलांत नेमका तोच गाळलेला असतो.

दुसरी गोची एककांची. ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा देणाऱ्या रेझरपे किंवा स्ट्राइपच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने वापरायच्या जोडणीला, रक्कम द्यायची ती चलनाच्या सर्वांत लहान एककात. ५०० रुपये घ्यायचे तर ५०००० लिहायचं, कारण हिशेब पैशांत आहे. जपानी येनला पैशासारखं लहान नाणं नाही, म्हणून स्ट्राइपमध्ये ५०० येनचे ५००च. रकान्याचं नाव नुसतं ‘रक्कम’ ठेवलं तर एजंट बेधडक ५०० पाठवेल आणि ग्राहकाकडून पाच रुपये कापले जातील. ‘रक्कम, पैशांत, ५०० रुपयांसाठी ५००००’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. तारखेचंही तसंच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. म्हणून वर्ष-महिना-दिवस हा क्रम सांगून सोबत एक नमुना द्यावा.

चूक झाल्यावर येणारा संदेश हाही मॅन्युअलचाच भाग आहे. ‘एरर ४००’ एवढंच वाचून एजंट पुन्हा तीच चूक करतो. ‘तारीख २०२५-०४-०३ अशी हवी, ०३/०४/२०२५ आली’ हे वाचलं की पुढच्या खेपेला दुरुस्त करतो. आणि उत्तर वेळेत आलंच नाही तर? पुन्हा पैसे कापायचे, की आधी व्यवहाराची स्थिती तपासायची? हे लिहिलं नाही, तर एकाच तिकिटाचे दोनदा पैसे जाऊ शकतात.

मग सगळं सविस्तर लिहून टाकावं का? तसंही नाही. एकाच वेळी मॉडेलला किती मजकूर लक्षात घेता येतो याला मर्यादा आहे आणि प्रत्येक वर्णन त्यातली जागा खातं. एकसारख्या नावांची पन्नास साधनं दिली तर एजंट गोंधळतो. जाहिरातीची विशेषणं आधी कापावीत, धोक्याच्या सूचना शेवटपर्यंत राखाव्यात. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीमध्ये ‘फक्त वाचणारं’, ‘नुकसान करू शकणारं’ अशा खुणा लावता येतात, पण त्या केवळ सूचना आहेत. खरी परवानगी कोडमध्येच तपासावी लागते.

यातलं पुष्कळसं आमच्या पूर्वसूरींना ठाऊक होतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात आज्ञांच्या माहितीसोबत चुकांचे संदेश आणि ‘बग्ज’ म्हणजे माहीत असलेले दोष यांनाही स्वतंत्र जागा होती. आपल्या साधनाची खोट स्वतःच लिहून ठेवण्याचा तो प्रामाणिकपणा पुढे चकचकीत माहितीपत्रकांत हरवला.

साधनं बनवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. वर्णनाचा रकाना रिलीजच्या आदल्या रात्री घाईघाईने भरू नका. ग्राहक खरोखर जे मागतात त्या मागण्या एजंटला देऊन बघा, तो कोणतं साधन उचलतो ते पाहा आणि चुकला तर आधी आपलं वाक्य तपासा. एजंटसाठी केलेली ही मेहनत तुमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या माणसालाही तितकीच उपयोगी पडेल.